पाचशे सदतीस मतं आणि दवाखान्याचं बिल

वाचक विचारतात

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीबद्दल आणि तिथल्या आरोग्यविम्याच्या भांडणाबद्दल नागपूरच्या वाचकांची बरीच पत्रं आली आहेत. लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांची मुलं-सुना तिकडे आहेत, त्यामुळे प्रश्न नुसत्या कुतूहलाचे नाहीत. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : ज्याला जास्त मतं पडली तो हरतो, हे कसं काय? २००० साली नेमकं काय झालं होतं?
(वाचक, महाल)

अमेरिकेत अध्यक्षपदाची एक निवडणूक नसतेच. ५० राज्यं आणि राजधानीचा जिल्हा अशा ५१ ठिकाणी एकाच दिवशी वेगवेगळ्या निवडणुका होतात. संसदेच्या खालच्या सभागृहातल्या, म्हणजे प्रतिनिधिगृहातल्या जागा अधिक वरच्या सभागृहाच्या, म्हणजे सिनेटच्या २, इतके निर्वाचक (अध्यक्षाला प्रत्यक्ष मत देणारे प्रतिनिधी) प्रत्येक राज्याच्या वाट्याला येतात. ४३५, १०० आणि राजधानीचे ३ मिळून ५३८ निर्वाचक, आणि जिंकायला २७० लागतात. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं सोडली, तर राज्यात जो पुढे, त्याला तिथले सगळेच्या सगळे निर्वाचक. एखादं राज्य लाखोंच्या फरकाने जिंकलं काय आणि शेकड्यांच्या फरकाने जिंकलं काय, हाती येतं तेवढंच.

२००० मध्ये डेमोक्रॅट अल गोर यांना देशभरात रिपब्लिकन जॉर्ज बुश यांच्यापेक्षा ५ लाख ४० हजारांहून अधिक मतं मिळाली होती. सगळं अडलं ते फ्लोरिडाच्या २५ निर्वाचकांवर. तिथे सुमारे ६० लाख मतांमध्ये फरक निघाला ५३७ मतांचा. तेव्हा बऱ्याच काउंट्यांमध्ये (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) मतपत्रिका म्हणजे एक जाड कार्ड असायचं. टोकदार सळईने उमेदवारासमोरचा बारीक चौकोन टोचून पाडायचा. तो चौकोन पूर्ण पडला तर यंत्र मत मोजणार. एका कोपऱ्याला लटकून राहिला, तर कार्ड यंत्रातून जाताना तो परत भोकावर बसायचा आणि मत गायब व्हायचं. म्हणून माणसं भिंग घेऊन, कार्ड उजेडाकडे धरून बघत बसली होती. पाम बीच काउंटीत आणखी एक घोळ झाला. उमेदवारांची नावं दोन पानांवर आणि भोकं मधोमध. गोर यांचं नाव डाव्या पानावर दुसरं, पण त्यांचं भोक तिसरं. दुसरं भोक उजव्या पानावरच्या ब्युकॅनन यांचं. गोंधळून दोन भोकं पाडलेल्या १९ हजारांहून अधिक मतपत्रिका त्या एका काउंटीत बाद झाल्या. १२ डिसेंबर २००० ला सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी फेरमोजणी थांबवली आणि बुश २७१ निर्वाचकांवर अध्यक्ष झाले.

२०२० चा फरक वरून मोठा दिसतो, बायडन ३०६ विरुद्ध ट्रम्प २३२. पण ॲरिझोनात १०,४५७, जॉर्जियात ११,७७९ आणि विस्कॉन्सिनमध्ये २०,६८२ मतांनी निकाल लागला होता. ही तिन्ही राज्यं उलटी गेली असती, तर २६९-२६९ अशी बरोबरी झाली असती. तसं झालं की निवड प्रतिनिधिगृहाकडे जाते आणि तिथे प्रत्येक राज्याला एकच मत असतं. कॅलिफोर्नियालाही एक, वायोमिंगलाही एक.

प्रश्न : आपल्या राष्ट्रपतींची निवडणूकही अप्रत्यक्षच असते ना? मग फरक काय राहिला?
(वाचक, त्रिमूर्तीनगर)

आपल्याकडे मत आमदार-खासदारांचं, आणि त्या मताला मूल्य असतं. महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचं मूल्य १७५ आहे, म्हणजे २८८ आमदारांचं मिळून ५०,४००. पसंतीक्रम असल्यामुळे बाद झालेल्या उमेदवाराची मतं पुढच्या पसंतीकडे वळतात. आपली सर्वांत चुरशीची लढत १९६९ ची. चिंतामणराव देशमुख तिसऱ्या क्रमांकावर राहिले, दुसऱ्या पसंतीची मतं मोजावी लागली आणि व्ही. व्ही. गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे नीलम संजीव रेड्डींच्या पुढे गेले. अमेरिकेत अशी दुसरी पसंती जवळजवळ कुठेच नाही. शिवाय आपल्या राष्ट्रपतींच्या निवडीने कोणाच्या विम्याचा हप्ता बदलत नाही, तिथे तो बदलू शकतो.

प्रश्न : मोजणीला इतके दिवस का लागतात? निकाल बघायचा तर नागपुरात टीव्ही कधी लावावा?
(वाचक, सदर)

आपल्यासारखा एक निवडणूक आयोग तिथे नाही. राज्याचा कायदा आणि काउंटीची माणसं, यांच्यावरच सगळं चालतं. पेनसिल्व्हेनिया आणि विस्कॉन्सिनमध्ये टपालाने आलेली मतं मतदानाच्या दिवशी सकाळी ७ च्या आधी उघडताच येत नाहीत. पेनसिल्व्हेनियात तर दोन पाकिटं असतात. बाहेरच्यावर सही आणि तारीख, आतल्यावर कसलीही खूण नाही. आतलं पाकीट नसेल तर मत बाद. लाखो पाकिटं अशी फोडायची, तपासायची, घड्या उलगडून कागद सपाट करायचे आणि मग यंत्रात घालायचे. केंद्रावर जाऊन दिलेली मतं त्याच रात्री मोजून होतात, टपालाची मागाहून. त्यामुळे आघाडी हळूहळू सरकते. यात काही काळंबेरं आहे असं समजू नका, मोजण्याचा क्रमच तसा आहे. २०२० मध्ये मंगळवारी मतदान झालं आणि वृत्तसंस्थांनी निकाल सांगितला तो शनिवारी.

पुढची निवडणूक ७ नोव्हेंबर २०२८ ला, मंगळवारी आहे. आपल्या घड्याळाने बुधवारी पहाटे साडेपाचला जॉर्जियाचं मतदान संपेल, साडेसहाला पेनसिल्व्हेनियाचं, साडेसातला विस्कॉन्सिन आणि ॲरिझोनाचं. म्हणजे तर्री-पोहे आटोपून बसलात तरी चालेल, त्याआधी कामाचं काही हाती येत नाही. टीव्हीवर 'विजयी' असं दाखवतात तो वृत्तसंस्थेचा अंदाज असतो. अधिकृत क्रम पुढे चालू राहतो. राज्य निकाल प्रमाणित करतं, डिसेंबरमध्ये निर्वाचक मत देतात, ६ जानेवारीला संसद ती मोजते आणि २० जानेवारीला दुपारी १२ वाजता शपथ होते. २०२२ च्या कायद्यानंतर संसदेत एखाद्या राज्याच्या मतांवर हरकत घ्यायला दोन्ही सभागृहांच्या एक-पंचमांश सदस्यांच्या सह्या लागतात. आधी प्रत्येकी एकाची पुरायची.

प्रश्न : मुलाकडे ग्रीन कार्ड आहे. ड्रायव्हिंग लायसन्सच्या अर्जातच 'मतदार नोंदणी करायची का' असं विचारलं. करावी का?
(वाचक, वर्धा रोड)

नाही, अजिबात नाही. हे उत्तर आजच मुलाला कळवा. १९९३ च्या कायद्यामुळे लायसन्सच्या अर्जाबरोबर मतदार नोंदणीचा प्रश्न येतोच. खिडकीवरचा कारकून ठरलेला प्रश्न वाचतो, समोरचा नागरिक आहे की नाही हे त्याला ठाऊक नसतं. 'मी अमेरिकेचा नागरिक आहे' या चौकटीत खूण केली की ते नागरिकत्वाबद्दलचं खोटं विधान ठरतं. त्यातून पुढे नागरिकत्वाचा अर्ज अडतो, देशाबाहेर काढण्याची कारवाईही होऊ शकते. मतदान केलं, तर तो फौजदारी गुन्हा. नागरिकत्वाच्या अर्जात 'कधी मतदार म्हणून नोंदणी केली होती का' असं विचारतातच.

चुकून नोंदणी झालीच असेल, तर मत द्यायचं नाही. काउंटीच्या निवडणूक कार्यालयाला लेखी कळवून नाव काढून घ्यायचं, काढल्याचं पत्र जपून ठेवायचं आणि नागरिकत्वाचा अर्ज भरण्यापूर्वी इमिग्रेशन वकिलाला सगळं दाखवायचं. ग्रीन कार्डवाल्याला प्रचारासाठी देणगी देता येते. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याला तीही देता येत नाही, पाच डॉलरसुद्धा नाही.

प्रश्न : २०१७ मध्ये अध्यक्ष रिपब्लिकनांचे, दोन्ही सभागृहं त्यांचीच. तरी ओबामांचा आरोग्य कायदा रद्द का झाला नाही? आणि मुळात भांडण आहे कशाचं?
(वाचक, धरमपेठ)

आलेल्या पत्रांमधला हा सर्वांत मोलाचा प्रश्न आहे.

अमेरिकेत विमा नोकरीला बांधलेला आहे, याचं मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे. १९४२ मध्ये सरकारने पगारवाढ गोठवली, पण विमा पगारात धरला नाही. कंपन्या माणसं टिकवायला विमा देऊ लागल्या, पुढे त्याला करसवलत मिळाली आणि ती घडी कायमची बसली. राहिले म्हातारे आणि गरीब. त्यांच्यासाठी १९६५ मध्ये अनुक्रमे मेडिकेअर आणि मेडिकेड हे सरकारी विमे आले. मधले लोक, म्हणजे छोटे दुकानदार, स्वतःचा धंदा असलेले आणि ज्यांना मधुमेह असल्यामुळे कोणतीही कंपनी विमा देत नव्हती ते, तसेच उरले. ओबामांचा २०१० चा कायदा त्यांच्यासाठी होता. आधीचा आजार म्हणून विमा नाकारायचा नाही, हप्ता आजारावरून ठरवायचा नाही, वयावरून ठरवला तरी वयस्कर माणसाचा हप्ता तरुणाच्या तिपटीपेक्षा जास्त नको आणि २६ वर्षांपर्यंतची मुलं आई-वडिलांच्या विम्यावर राहू शकतील.

खरी अडचण हिशेबाची आहे. आजारी माणसाला नाकारायचं नाही म्हटलं, तर निरोगी माणूस आजारी पडेपर्यंत विमा घेणार नाही, आणि मग हप्ते चढत जाणार. म्हणून कायद्याने तीन पाय दिले : नाकारायची बंदी, सर्वांना विम्याची सक्ती आणि हप्त्याला सरकारी मदत. रिपब्लिकन म्हणतात, सक्ती नको, सरकारी खर्च नको, राज्यांना ठरवू द्या. डेमोक्रॅट म्हणतात, एक पाय काढला की खुर्ची लंगडते. डेमोक्रॅटांमधल्या डाव्या गटाला कॅनडासारखा सगळ्यांचा एकच सरकारी विमा हवा आहे.

आता कायद्यामागचं बळ बघा. २४ डिसेंबर २००९ ला सिनेटमध्ये तो ६०-३९ ने पास झाला. चर्चा तोडून मतदानाला जायला ६० च लागतात, म्हणजे एकही मत जास्तीचं नव्हतं. महिनाभरात डेमोक्रॅटांची मॅसॅच्युसेट्सची एक जागा पोटनिवडणुकीत गेली आणि ते ५९ राहिले. मसुदा सुधारून परत सिनेटमध्ये आणायची सोयच उरली नाही. म्हणून प्रतिनिधिगृहाने तोच मसुदा २१९-२१२ ने स्वीकारला आणि काही दुरुस्त्या पैशाच्या विधेयकाच्या वाटेने केल्या, तिथे ६० मतं लागत नाहीत. मसुद्यात राहिलेल्या चार शब्दांच्या ढिसाळपणावरून पुढे २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला गेला. २०१२ मध्ये सक्तीचा मुद्दा न्यायालयात ५-४ ने टिकला होता, तोही 'हा कर आहे' असं मानून.

रद्द करायला सिनेटमध्ये ६० मतं रिपब्लिकनांकडेही नव्हती. पैशाच्या बाबींपुरता ५१ चा मार्ग असतो, तो त्यांनी धरला. २८ जुलै २०१७ ला मध्यरात्रीनंतर मतदान झालं. मेंदूच्या गाठीचं निदान होऊन काही दिवसच झालेले रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅकेन पुढे आले आणि त्यांनी विरोधात अंगठा खाली केला. कॉलिन्स आणि मर्कोव्स्की या दोघी रिपब्लिकन सिनेटर आधीच विरोधात होत्या. ४९-५१. पण त्याच वर्षीच्या कर कायद्याने विमा न घेण्याचा दंड २०१९ पासून शून्य केला. सक्तीचा पाय गेला, तरी मदतीचा पाय घट्ट होता म्हणून खुर्ची उभी राहिली. आमच्या मते कायदा वाचला तो या मदतीमुळे. न्यायालयाला मिळतं त्यापेक्षा जास्त श्रेय तिचं आहे.

ती मदत २०२१ मध्ये वाढवली होती आणि वाढीव भागाची मुदत २०२५ अखेरीस संपली. ती पुढे चालू ठेवायची की नाही, याच वादावरून १ ऑक्टोबर २०२५ पासून ४३ दिवस सरकारी कामकाज बंद होतं. मुदत संपल्यावर जुनी कड, म्हणजे उत्पन्नाची मर्यादा, परत आली. २०२६ साठी एकट्या माणसाचं उत्पन्न ६२,६०० डॉलरच्या वर एक डॉलर गेलं, तरी मदत शून्य. साठीतल्या माणसाला हा एक डॉलर वर्षाकाठी हजारो डॉलरना पडतो.

प्रश्न : मेडिकेड म्हणजे आपल्या जनआरोग्य योजनेसारखंच का? आणि कामाच्या अटीला एवढा विरोध का?
(परिचारिका, मेडिकल चौक)

थोडं सारखं, बरंच वेगळं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ठरलेल्या उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण मिळतं, आणि आरोग्यमित्राच्या टेबलावर कागद दाखवले की काम सुरू होतं. मेडिकेड हा पूर्ण विमा आहे. त्यात ओपीडी, औषधं, बाळंतपण सगळं येतं. पण तो उत्पन्नावर चालतो आणि राज्यागणिक बदलतो. २०१० च्या कायद्याने ही मर्यादा दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत वाढवली; २०२५ च्या हिशेबाने एकट्या माणसाला वर्षाला सुमारे २१,६०० डॉलर. वाढीव खर्चाचा ९० टक्के भार केंद्राचा. तरी २०१२ मध्ये न्यायालयाने हे राज्यांच्या मर्जीवर सोडलं आणि १० राज्यांनी ते अजून घेतलेलं नाही. वर आलेल्या निसटत्या तीन राज्यांपैकी ॲरिझोनाने घेतलं, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिनने नाही.

कामाच्या अटीबद्दल. ४ जुलै २०२५ च्या कायद्याने वाढीव गटातल्या १९ ते ६४ वयाच्या लोकांना महिन्याला ८० तास काम, शिक्षण किंवा समाजसेवा दाखवणं बंधनकारक केलं. राज्यांनी अंमल १ जानेवारी २०२७ पर्यंत सुरू करायचा. हे विधेयक सिनेटमध्ये ५१-५० ने, उपाध्यक्षांच्या निर्णायक मतावर निघालं. अट वाजवी वाटते, अडतं ते कागदांवर. अर्कान्सासने २०१८ मध्ये हीच अट लावली. तास भरायचे ते वेबसाइटवर, आणि वेबसाइट रात्री ९ ते सकाळी ७ बंद. दिवसपाळी करून घरी आलेला माणूस तास भरणार कधी? काही महिन्यांत १८ हजारांहून अधिक लोकांचा विमा गेला, त्यात काम करणारेही होते. २०१९ मध्ये न्यायालयाने ते थांबवलं. एका झेरॉक्सपायी प्रकरण परत आलेले रुग्ण तुम्ही रोज बघता, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको.

प्रश्न : आम्ही दोघं (वय ६८ आणि ६४) सहा महिन्यांसाठी मुलाकडे जात आहोत. मला मधुमेह, हिला बीपी. विमा कोणता घ्यावा?
(वाचक, मनीषनगर)

पाहुण्याच्या व्हिसावर मेडिकेअर, मेडिकेड, सरकारी मदत यातलं काहीच मिळत नाही. कोणताही पक्ष निवडून आला तरी. तुमचा आधार प्रवासी विमाच.

तो दोन प्रकारचा असतो. पहिल्यात प्रत्येक गोष्टीला ठरलेली रक्कम मिळते. इमर्जन्सीला इतके, खाटेला दिवसाला इतके. हप्ता स्वस्त, पण तिथलं बिल त्या रकमेच्या कितीतरी पट येतं आणि उरलेलं मुलाच्या खिशातून जातं. दुसऱ्यात आधी तुमचा वाटा, समजा २५० डॉलर. मग ५,००० डॉलरपर्यंत ८० टक्के कंपनी भरते आणि त्यापुढे मर्यादेपर्यंत सगळं. दुसराच घ्या. कंपनीचं रुग्णालयांचं जाळं मुलाच्या गावात आहे का, ते मुलाला बघायला सांगा. सत्तरी ओलांडली की बऱ्याच योजनांमध्ये मर्यादा खाली येते, म्हणून परतीच्या तारखेपर्यंत वय किती होतं तेही बघा.

सर्वांत जास्त दावे अडतात ते जुन्या आजारावर. जाहिरातीत 'जुन्या आजाराचा अचानक उद्भव सामील' असं म्हणतात. त्याचा अर्थ असा, की आधी काही लक्षण नसताना एकदम त्रास झाला आणि बहुतेक योजनांमध्ये २४ तासांच्या आत उपचार घेतले, तरच पैसे. 'चार दिवसांपासून छातीत जड वाटतंय' एवढं वाक्य डॉक्टरांच्या नोंदीत आलं की दावा फेटाळला जातो. त्यामुळे त्रास झाला तर अंगावर काढू नका, लगेच जा. निघण्याआधीच्या महिन्यांत औषधाची मात्रा बदलली असेल, तर तोही मुद्दा निघतो. म्हणून डॉक्टरांना आधीच भेटून औषधं बसवून घ्या.

औषधं मूळ पट्ट्यांतच न्या, डबीत सुटी करून नाही. चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. तिथली मार्गदर्शक मर्यादा साधारण ९० दिवसांच्या साठ्याची आहे. पुढच्या तीन महिन्यांची सोय तिथल्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर करावी लागेल. इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा, सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं.

साधा ताप, पाय मुरगळणं, लघवीची जळजळ यासाठी 'अर्जंट केअर' दवाखाने असतात. इमर्जन्सीत जाऊ नका, बिलात मोठा फरक पडतो. पण छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, शुद्ध हरपणं असेल तर पैशाचा विचार न करता ९११. १९८६ च्या कायद्याने इमर्जन्सी विभागाला तुम्हाला तपासून स्थिर करावंच लागतं, पैसे असोत की नसोत. बिल मात्र मागून येतं. आलं की लगेच भरू नका. बाबवार बिल मागा, न दिलेली सेवा आहे का ते तपासा आणि आर्थिक मदतीचा अर्ज विचारा. ना-नफा रुग्णालयांना असं मदतीचं धोरण ठेवावंच लागतं.

प्रश्न : मुलीने आमचं ग्रीन कार्ड करून घेतलं आहे. ६५ झाल्यावर मेडिकेअर आपोआप मिळतं ना?
(वाचक, प्रतापनगर)

आपोआप नाही. तुम्ही किंवा जोडीदाराने तिथे ४० तिमाह्या, म्हणजे साधारण १० वर्षं, कर भरत काम केलेलं असेल तर रुग्णालयाचा भाग फुकट. मुलीने भरलेला कर तुमच्या कामी येत नाही. काम नसेल, तर वय ६५ आणि ग्रीन कार्डवर सलग ५ वर्षं मुक्काम झाल्यावर विकत घेता येतं. २०२५ चे दर रुग्णालयाच्या भागाला महिन्याला ५१८ डॉलर आणि डॉक्टरांच्या भागाला १८५ डॉलर असे होते, तेही माणशी. पात्र झालात की ७ महिन्यांच्या खिडकीतच नाव घाला; उशीर केला तर डॉक्टरांच्या भागाचा हप्ता दर पूर्ण वर्षाला १० टक्क्यांनी कायमचा वाढतो. मधेमधे नागपूरला वर्षभर येऊन राहिलात, तर 'सलग ५ वर्षं' तुटतात.

पहिल्या ५ वर्षांत २०१० च्या कायद्याखाली मिळणारा बाजारातला विमा घ्यायचा. कार्ड घेऊन पोचल्यापासून ६० दिवसांत अर्ज करा, आजार बघून नाकारता येत नाही. पूर्वी कमी उत्पन्नाच्या नव्या ग्रीन कार्डधारकालाही हप्त्याला मदत मिळायची; १ जानेवारी २०२६ पासून दारिद्र्यरेषेखालच्या उत्पन्नाला ती बंद झाली. मुलीने तुम्हाला करविवरणात अवलंबित दाखवलं, तर मात्र तिच्या घराचं एकत्र उत्पन्न धरलं जातं आणि हिशेब बदलतो. विवरण भरण्याआधी तिच्या करसल्लागाराला हे विचारून घ्या.

प्रश्न : मुलीची नोकरी गेली, सातवा महिना सुरू आहे. जावई सांगून राहिले की 'कोब्रा' घेऊ. हे काय प्रकरण आहे?
(वाचक, बेसा)

नोकरी गेल्यावर कंपनीचाच विमा १८ महिन्यांपर्यंत चालू ठेवायचा कायदा म्हणजे कोब्रा. २० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपनीला तो लागू असतो. तेच डॉक्टर, तेच रुग्णालय राहतं, आणि सातव्या महिन्यात ते फार महत्त्वाचं आहे. पण आता कंपनीचा वाटाही तुम्हीच भरायचा, एकूण हप्त्याच्या १०२ टक्क्यांपर्यंत. २०२४ मध्ये कंपनीमार्फतच्या कौटुंबिक विम्याचा सरासरी खर्च वर्षाला २५,५०० डॉलरच्या वर होता, म्हणजे महिन्याला २,००० च्या पुढे.

निवडायला ६० दिवस आणि निवडल्यावर पहिला हप्ता भरायला ४५ दिवस मिळतात. जुना विमा संपला त्या तारखेपासूनच हा लागू धरतात. कोब्राबद्दल येणाऱ्या पत्राचं पाकीट जपून ठेवा; निवडायचे दिवस त्या पत्राच्या किंवा विमा संपल्याच्या तारखेपासून, जी नंतरची असेल तिच्यापासून मोजतात. जावयांच्या कंपनीत विमा असेल, तर तो बहुतेक स्वस्त पडेल; त्यात मुलीचं नाव घालायला ३० दिवसच असतात. बाळाचं नाव घालायलाही जन्मापासून ३० दिवस. दोघंही एच-१बीवर असतील, तर मुलीचे व्हिसाचे ६० दिवस वेगळे मोजायचे. त्यांचा विम्याच्या ६० दिवसांशी संबंध नाही. दोन्ही तारखा एका कागदावर लिहून फ्रिजवर लावायला सांगा.